सावकाराला वर्षासन

वर्षासन देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वी ते संस्थानिक वा जहागीरदार देत आणि विद्वान, पुजारी वा कीर्तनकार ते घेत. देणारा समर्थ आणि घेणारा आश्रित, असा त्यातील संकेत होता. आता हा संकेत नेमका उलटा झालेला दिसतो. उधारी देणाऱ्या बँकेला उधारी घेणाऱ्यानेच दर वर्षी दहा-बारा हजार रुपये मोजावयाचे आणि ते मोजण्याची आपली ऐपत आहे याचा वर अभिमानही बाळगावयाचा, अशी चाल मध्यमवर्गीय घरांत रूढ होऊ लागली आहे. प्रवासासाठी म्हणून काढलेल्या उंची क्रेडिट कार्डांची वार्षिक वर्गणी हे ते नवे वर्षासन होय. त्याच्या मोबदल्यात विमानतळावरील लाऊंजमध्ये प्रवेश मिळतो, खर्चावर पॉइंट मिळतात, पॉइंटांवर तिकिटे मिळतात, आणि हॉटेलच्या टेबलावर ठेवले असता मंजुळ आवाज करणारे धातूचे कार्ड मिळते. ही वर्गणी द्यावी की देऊ नये, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटेल. परंतु बारा हजार रुपये म्हणजे पुण्या-मुंबईतील एखाद्या लहान कुटुंबाचा महिन्याचा किराणा होय. तेव्हा त्याचा हिशेब जाहिरातीतील कोष्टकावर न सोडता घरच्या वहीत मांडणे अगत्याचे आहे.

ही प्रथा मूळची अमेरिकेतील. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा यांनी डायनर्स क्लबचे कार्ड सुरू केले, तेव्हा त्याचा उद्देश हॉटेलात रोख पैसे न देता जेवता यावे, इतका मर्यादित होता. १९५८ साली अमेरिकन एक्स्प्रेसने आपले कार्ड आणले आणि त्याची वर्गणी सहा डॉलर, म्हणजे डायनर्स क्लबपेक्षा मुद्दाम एक डॉलर अधिक, अशी ठेवली. जास्त किंमत हीच जास्त प्रतिष्ठेची खूण, हे व्यापारसूत्र तेव्हापासून या धंद्याच्या पायाशी आहे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नित्याच्या प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना सुरू केली. पुढे बँका आणि विमान कंपन्या यांचे लग्न लागले आणि आजची प्रवासी कार्डे जन्माला आली. अमेरिकेत या कार्डांची वर्गणी कोठवर गेली आहे ते पाहण्यासारखे आहे. चेस बँकेच्या सफायर रिझर्व्ह या कार्डाची वर्गणी २०१६ साली ४५० डॉलर होती. जून २०२५ मध्ये ती ७९५ डॉलर झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डाची वर्गणी ६९५ वरून ८९५ डॉलरवर नेण्यात आली. दोन्ही वेळा ग्राहकाला सांगण्यात आले ते एकच : वर्गणी वाढली हे खरे, पण सवलतींची बेरीज त्याहून कितीतरी अधिक वाढली आहे!

भारतात क्रेडिट कार्डाचा प्रसार सार्वजनिक क्षेत्रातील बँकेने केला, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड काढले. त्यानंतरच्या चार दशकांत या व्यवसायाचे रूप पार बदलले. आज पाच हजारांपासून साठ हजारांच्याही पुढे वर्गणी असलेली प्रवासी कार्डे येथे मिळतात, आणि अमेरिकेतील तेच समर्थन येथेही शब्दशः ऐकू येते. या समर्थनातील मेख सवलतींच्या बेरजेत आहे. बँक प्रत्येक सवलतीची किंमत तिच्या छापील दराने धरते. लाऊंजमधील एका प्रवेशाचे हजार-बाराशे, हॉटेलच्या कुपनाचे पाच हजार, एखाद्या सदस्यत्वाचे दोन हजार, अशी बेरीज करीत गेले की पंधरा हजारांच्या वर्गणीच्या बदल्यात पन्नास हजारांचा लाभ सहज दिसू लागतो. वस्तुतः सवलतीची खरी किंमत एकच. ती सवलत नसती तर ग्राहकाने स्वतःच्या खिशातून त्या गोष्टीवर किती पैसे खर्च केले असते, तेवढीच. जे हॉटेल त्याने कधी निवडलेच नसते, त्याच्या कुपनाची किंमत त्याच्यापुरती शून्य धरली पाहिजे. किंबहुना ते कुपन वाया जाऊ नये म्हणून त्याने तेथे मुक्काम केला आणि वरचे सात हजार खिशातून भरले, तर ती किंमत शून्याच्याही खाली जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जणू अशाच प्रसंगासाठी झालेली आहे.

याचे एक उदाहरण घेता येईल. समजा, पुण्यातील एका दांपत्याने दहा हजार रुपये वर्गणीचे कार्ड घेतले आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून प्रत्यक्षात ११,८०० रुपये जातात. जाहिरातीत ठळक असतो तो दहाचा आकडा, अठराशे रुपये बारीक टाइपात असतात. या घराचा कार्डावरून होणारा आणि पॉइंटांस पात्र असा खर्च वर्षाला सहा लाख आहे. उंची कार्डावर त्याचा परतावा, पॉइंट प्रवासासाठीच वापरले तर, अडीच टक्के म्हणजे १५,००० रुपये पडतो असे धरू. पंधरा हजारांतून अकरा हजार आठशे वजा जाता ३,२०० रुपये उरतात आणि दांपत्य समाधान पावते. परंतु ही वजाबाकी चुकीची आहे. कारण उंची कार्ड नसते तर त्यांनी हा खर्च बिनवर्गणीच्या साध्या कार्डावरून केला असता आणि एक टक्का परताव्याने ६,००० रुपये मिळवलेच असते. तेव्हा उंची कार्डाने वाढवून दिले ते फक्त ९,००० रुपये. त्यात लाऊंजची भर घालू. दोघांच्या वर्षाकाठी दोन विमानवाऱ्या, जाऊन-येऊन आठ प्रवेश. लाऊंज नसता तर त्यांनी विमानतळावर माणशी अडीचशे रुपयांचा चहा-फराळ घेतला असता. म्हणजे दोन हजार रुपये. एकूण लाभ अकरा हजार, दिलेली वर्गणी अकरा हजार आठशे. ज्या व्यवहारात बत्तीसशेचा फायदा दिसत होता त्यात आठशे रुपयांचा तोटा आहे!

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. साध्या आणि उंची कार्डाच्या परताव्यातील फरक दीड टक्क्याचा असेल, तर केवळ पॉइंटांच्या बळावर ११,८०० रुपये भरून निघण्यास वर्षाला सुमारे ७ लाख ८७ हजार रुपयांचा, म्हणजे महिन्याला पासष्ट हजारांहून अधिक खर्च कार्डावरून व्हावा लागतो. हा आकडा ऐकून अनेक सुस्थित कुटुंबांना वाटेल की एवढा खर्च तर आपला होतोच. येथे दुसरा खड्डा आहे. मध्यमवर्गीय घराचा मोठा खर्च कोणता? गृहकर्जाचा हप्ता, घरभाडे, मुलांची फी, विम्याचे हप्ते, पेट्रोल, वीजबिल, मोलकरणीचा पगार आणि मंडईतील भाजी. यांपैकी हप्ता, पगार आणि भाजी कार्डावर जात नाहीत. आणि भाडे, पेट्रोल, सरकारी भरणा यांसारख्या बाबींवर अनेक बँका पॉइंट एक तर देत नाहीत किंवा त्यांवर मर्यादा घालतात. शिवाय काही दुकानदार कार्ड पुढे करताच दोन टक्के वेगळे मागतात. अडीच टक्क्यांच्या पॉइंटांसाठी दोन टक्के रोख मोजणाऱ्याच्या हाती अर्धा टक्का उरतो, हे सांगण्यास गणिती असण्याची गरज नाही.

परदेशप्रवासाचा मुद्दा मात्र वेगळा विचारात घेतला पाहिजे. साध्या कार्डावर परकीय चलनातील खर्चास बहुधा साडेतीन टक्के अधिभार पडतो. कर धरून तो ४.१३ टक्के होतो. अनेक उंची कार्डांवर तो दोन टक्के, म्हणजे करासह २.३६ टक्के असतो. परदेशात दोन लाख रुपये खर्च झाले तर साध्या कार्डाने ८,२६० रुपये आणि उंची कार्डाने ४,७२० रुपये जातात. बचत ३,५४० रुपयांची. वरील दांपत्याच्या सहा लाखांत परदेशातील हे दोन लाख असतील, तर त्या वर्षापुरता आठशेचा तोटा पुसला जाऊन २,७४० रुपये शिल्लक पडतील. पण तुलना पुन्हा योग्य कार्डाशी केली पाहिजे. परकीय चलनावर अधिभार न घेणारी आणि वार्षिक वर्गणीही नसलेली कार्डे भारतात उपलब्ध झालेली आहेत. असे एखादे कार्ड केवळ परदेशासाठी जवळ ठेवले तर हे सर्वच ८,२६० रुपये वाचतात. मग उंची कार्डाची सवलत ही सवलत न राहता अडीच टक्क्यांचा भुर्दंड ठरते.

यावर कार्डाच्या पुरस्कर्त्यांचे ठरलेले उत्तर असे की, ठरावीक खर्च केला की वर्गणी माफच होते. हे उत्तर जितके खरे तितकेच घातक आहे. माफीची मर्यादा दहा लाखांची आहे आणि वर्ष संपण्यास महिना उरला असता खर्च नऊ लाख वीस हजारांवर आला आहे, अशी कल्पना करावी. अशा वेळी विचारी गृहस्थालाही जुना फ्रीज अकस्मात कुरकुरू लागल्याचा भास होतो. जो फ्रीज दोन महिन्यांनी घ्यावयाचाच होता, तो आधी घेतला तर त्यात वावगे काही नाही. परंतु जो घ्यावयाचाच नव्हता तो घेतला, तर वर्गणीचे बारा-पंधरा हजार वाचविण्यासाठी ऐंशी हजार घालविले, एवढाच त्याचा अर्थ होतो. बँकेने अशी मर्यादा आखलेली असते ती ग्राहकाचा सध्याचा खर्च पाहून नव्हे. त्याने किती खर्च करावा अशी तिची इच्छा आहे ते पाहून. वर्गणीचा खरा उपयोग तिच्या उत्पन्नापेक्षा या मानसिक बंधनात अधिक आहे. एकदा पैसे भरले की ते वसूल केलेच पाहिजेत, या भावनेने माणूस खर्च करीत सुटतो.

पॉइंट म्हणजे पैसा ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. पैशावर व्याज मिळते, पॉइंटांवर मिळत नाही. रुपयाची किंमत ज्याच्या त्याच्या मर्जीने ठरत नाही, पॉइंटाची ठरते. एकच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी वापरला तर रुपयाचा आणि बिलातून वळता केला तर पाव रुपयाचा, असा प्रकार सर्रास आढळतो. या चलनाचे अवमूल्यन कसे होते याचे उदाहरण ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाने घालून दिले. महिन्यात लाख रुपये खर्च करणाऱ्यास मिळणारे २५,००० जादा पॉइंट सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले. वर्गणी दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर आणि माफीची मर्यादा १५ लाखांवरून २५ लाखांवर गेली. आणि सर्वसाधारण ग्राहकाला पाच पॉइंटांस जे चार मैल मिळत ते दोनच मिळू लागले. ज्याने लाखभर पॉइंट साठवून ऐंशी हजार मैलांचे स्वप्न पाहिले होते, त्याच्या गाठीशी चाळीस हजार राहिले. यात बेकायदा काही नव्हते; अटी बदलण्याचा हक्क बँकेने करारात राखूनच ठेवलेला असतो. विमान कंपन्यांचीही शाश्वती नाही. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तिच्या प्रवाशांचे पॉइंट बुडाले नाहीत हे खरे. परंतु तिच्या नावाने बँकांनी काढलेल्या कार्डांचे दिवस भरले आणि ज्या सेवेसाठी ग्राहकांनी ती कार्डे घेतली होती, ती सेवाच राहिली नाही. पॉइंट हे धान्यासारखे असतात. कोठारात ठेवून ते वाढत नाहीत, त्यांना कीड लागते.

लाऊंजची कथा याहून निराळी नाही. थोड्यांसाठी असलेला मान सर्वांना वाटला की तो मान राहत नाही. सुटीच्या दिवसांत मोठ्या विमानतळांवर लाऊंजच्या दारापुढे रांग लागते, आणि आतील उपम्यासाठी अर्धा तास ताटकळणारा प्रवासी बाहेरच्या बाकावर बसलेल्याकडे हेव्याने पाहतो. गर्दीचा खर्च वाढताच बँकांनी दारे ओढून घेतली. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती ७५,००० रुपयांवर नेली. तेव्हा लाऊंज हा कार्डाबरोबर मिळालेला हक्क नसून मागील तीन महिन्यांच्या खर्चाचे बक्षीस आहे, हे ध्यानी ठेवणे बरे.

या सर्व हिशेबाला एक पूर्वअट आहे : दर महिन्याचे बिल मुदतीत आणि पूर्णपणे भरलेले असले पाहिजे. ती मोडली की पुढील बेरीज-वजाबाकी निरर्थक होते. महिना साडेतीन टक्के दराने ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर ३१५ रुपये कर, असे २,०६५ रुपये महिन्याला जातात. सहा महिने ही बाकी रेंगाळली तर १२,३९० रुपये, म्हणजे उंची कार्डाची आणखी एक वर्गणी. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरील थकबाकीस तीस टक्क्यांहून अधिक व्याज लावणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे या बाबतीत ग्राहकाचे रक्षण त्याने स्वतःच करावयाचे आहे. आणि येथेच या व्यवहाराची एक अप्रिय बाजू उघडी पडते. कोणाला तरी फुकट मिळालेल्या तिकिटाचे पैसे कोणी तरी भरतच असते. त्यातील काही भाग दुकानदाराच्या कमिशनातून, म्हणजे अखेर सर्व गिऱ्हाइकांच्या खिशातून येतो. आणि काही भाग बेचाळीस टक्के व्याज भरणाऱ्या अडचणीतील कर्जदाराकडून. हुशार ग्राहकाचा विमानप्रवास काही अंशी गरजू ग्राहकाच्या कर्जावर चालतो. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर आजचा हुशार ग्राहक उद्या आजारपणाने किंवा नोकरी गेल्याने दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहण्याची शक्यता, हीच तिची गुंतवणूक होय.

मग ही कार्डे सर्वथा त्याज्य आहेत काय? असे म्हणणे एकांगी होईल. कामानिमित्त महिन्यातून तीन-चार वेळा विमानाने जाणारा, ज्याची तिकिटे व हॉटेल यांचा खर्च कंपनी परत करते, असा गृहस्थ स्वतःचा एक पैसा जादा न घालविता मोठा परतावा मिळवू शकतो. मुलगा वा मुलगी अमेरिकेत असलेले आणि दर वर्षी तिकडे जाणारे वृद्ध आईवडील आज महाराष्ट्रातील गावोगावी आहेत. मधल्या विमानतळावर पाच तास काढताना त्यांना पाठ टेकण्यास आरामखुर्ची, गरम अन्न आणि जवळच स्वच्छतागृह मिळत असेल, तर त्याचे मोल अडीचशे रुपयांच्या चहा-फराळाने करणे कोतेपणाचे ठरेल. त्यांच्यासाठी तो पैसा सार्थकी लागला असे खुशाल म्हणावे. फक्त ते सुख विकत घेतले आहे, फुकट मिळालेले नाही, एवढे उमजून म्हणावे. सुखासाठी खर्च करण्यात कमीपणा नाही. खर्चाला बचत म्हणण्यात फसगत आहे.

पहिल्या वर्षी बहुतेक कार्डे स्वागताचे पॉइंट देऊन वर्गणीची भरपाई करतात. त्यामुळे खरा निर्णय दुसऱ्या वर्षी घ्यावयाचा असतो, आणि नेमका तोच घेतला जात नाही. वर्गणी बिलात गुपचूप येऊन बसते आणि आळसाने भरली जाते. नूतनीकरणापूर्वी महिनाभर वहीत तीन आकडे मांडावेत : साध्या कार्डापेक्षा यंदा जादा मिळाले किती, एरवी खर्चिलेच असते असे पैसे वाचले किती, आणि केवळ कार्डामुळे जादा खर्च झाला किती. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा करून उरेल ते करासह वर्गणीशी ताडून पाहावे. कमी पडत असेल तर बँकेकडे माफी वा बिनवर्गणीचे कार्ड मागावे, आणि ते न मिळाल्यास कार्ड बंद करावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, कोणतीही बाकी नसताना ग्राहकाने मागणी केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक झाले असून विलंबासाठी दिवसाला ५०० रुपये दंड ठरविण्यात आला आहे. शुल्कातील बदलाची महिनाभर आगाऊ सूचना देण्याचे बंधनही त्यात आहे. याच तत्त्वाने पॉइंटांच्या दरात कपात करण्यापूर्वी निदान सहा महिन्यांची मुदत ग्राहकाला मिळावयास हवी, आणि वर्षअखेरीच्या बिलावर वर्गणी, व्याज व प्रत्यक्ष वापरलेल्या सवलती यांचे आकडे एकाखाली एक छापले जावयास हवेत. ज्या बँका सवलतींची बेरीज जाहिरातीत इतक्या तत्परतेने करतात, त्यांना ही बेरीज जड जाऊ नये.

आपल्या घरांतून रोजच्या खर्चाची वही लिहिणारी एक पिढी होऊन गेली. तिला पॉइंट आणि मैल ठाऊक नव्हते, पण आलेला आणि गेलेला पैसा यांतील भेद तिला पक्का कळत असे. कार्ड धातूचे असो वा प्लॅस्टिकचे, त्या वहीपुढे त्याने आपला हिशेब दिला पाहिजे. तो देता येत नसेल, तर सावकाराचे वर्षासन चालू ठेवण्याचे काहीच कारण उरत नाही.